माया सोडलेली जागा

तीस मीटरांपैकी माझे आता एकोणतीसच उरले आहेत, मित्रांनो. मी एक जुना टेप आहे. गाणी ऐकवणारा नव्हे, जमीन मोजणारा. चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेली कापडाची लांब फीत, ती गुंडाळायला मधोमध पितळी दांडी आणि अंगभर काळे-लाल आकडे, एवढाच माझा संसार. त्यातले निम्मे आकडे आता पुसट झाले आहेत. सध्या मी एका टेबलाच्या तिसऱ्या खणात पडून असतो. खरे सांगायचे तर मला त्याचे फारसे वाईट वाटत नाही. पुष्कळ ताणला गेलो, पुष्कळ चिखलात लोळलो. आता जरा पडू द्या. पण पडल्या पडल्या तुम्हाला एक हकिगत सांगून टाकतो, कारण ती ठाऊक असलेली माणसे एकेक करून कमी होत चालली आहेत.

माझा जन्म एका कारखान्यातला. जाड धाग्यांत तांब्याच्या बारीक तारा विणून माझी फीत केली, तिच्यावर पांढऱ्या रंगाचे थर चढवले, आकडे छापले. शेवटी एका लांबच लांब टेबलावर दोन बायकांनी मला दोन्ही टोकांना धरून ताणले. एकीने चष्मा सावरून टोकाकडे पाहिले आणि म्हणाली, "बरोबर आहे." बस्स. त्या दोन शब्दांच्या जोरावर मी सगळे आयुष्य काढले.

दुकानात मी काचेच्या कपाटात वर्षभर होतो. एके दिवशी एक शिंपी आला. त्याच्या गळ्यात त्याचा स्वतःचा टेप लोंबत होता, तो काढायचेही भान त्याला राहिले नव्हते. त्याने मला हातात घेतले, दांडी फिरवून पाहिली.

दुकानदार हसला. "मास्तर, एवढ्या टेपने माप कोणाचं घेणार? हत्तीचं?"

"माझ्यासाठी नाही. लेकीला पाहिजे," शिंपी म्हणाला. "ती बागा शिवणार आहे."

घरांचे नकाशे काढणारे लोक तुम्हाला माहीत असतील. ही मुलगी मोकळ्या जागांचे नकाशे काढायला शिकत होती. बागा, मैदाने, तळ्याचे काठ. या कामाला लँडस्केप आर्किटेक्ट असे लांबलचक नाव आहे. पुढे कामावरची सगळी माणसे तिला नुसते बाई म्हणू लागली, म्हणून मीही बाईच म्हणतो.

वडिलांनी मला तिच्या हातात दिले तेव्हा ते शिवणयंत्रावर बसलेलेच होते. म्हणाले, "माझा दीड मीटरचा, तुझा तीस मीटरचा. मोठी झालीस! पण एक ध्यानात ठेव. शिवणीत माया सोडायची. दोन बोटं कापड आत दुमडून ठेवलं, की पुढे अंग भरलं तरी उसवून सैल करता येतं. अगदी मापाला माप कापलं, की खांदा हलवला तरी टरकन फाटतं."

"बाबा, जमीन कुठे अंगाने भरते?" ती म्हणाली.

"ते तू बघ. मी शिंपी आहे," असे म्हणून त्यांनी पुन्हा चाक फिरवले.

पहिली काही वर्षे मी फार खुशीत होतो. नवी जागा मिळाली, की बाई आठ-आठ दिवस कागदाला हात लावत नसत. नुसत्या फिरत. लोकांनी चालून चालून कुठे पायवाट पाडली आहे, दुपारी चारला सावली कुठे पडते, पाऊस थांबल्यावर डबकी कुठे राहतात, हे सारे बघत. मग माझे टोक खिळ्याला अडकवून एकट्याच मोजत. खिळा निसटे, मी सुर्रकन मागे येई, आणि बाई हसत पुन्हा चालत जात.

अशाच एका जागी माळ्यांचे मुकादम भेटले. काडीसारखा माणूस, चिखल दिसला की चपला हातात घेऊन चालणारा. त्यांनी ती खिळ्याची कसरत थोडा वेळ बघितली आणि म्हणाले, "बाई, आणा इकडे, मी धरतो." त्यानंतरची चौदा वर्षे माझे एक टोक मुकादमांच्या हातात आणि दुसरे बाईंच्या हातात राहिले.

पण मित्रांनो, काम म्हणजे नुसते मोजणे नसते. त्या वर्षांत बाईंनी अकरा बागा आखल्या. त्यातल्या चार झाल्या. उरलेल्या सात अजूनही कपाटावर गुंडाळ्या होऊन पडल्या आहेत, त्यांच्यावर धूळ बसते आणि पाल फिरते. झालेल्या चारांपैकी एकीतली झाडे तोडून तिथे भलामोठा फलक उभारला गेला. दुसरीत सगळ्या मातीवर सिमेंटचे ठोकळे बसवले, पाय मळू नयेत म्हणून. असे काही झाले, की बाई मला डबीत गुंडाळत आणि म्हणत, "चला, पुढचं बघू." दरवर्षी "चला" आणि "पुढचं बघू" यांच्यामधली शांतता थोडी थोडी वाढत गेली. मी मोजणारा आहे, मला कळत होते.

मग ती बसगाड्यांच्या जुन्या आगाराची जागा आली.

सहा एकर नुसते काँक्रीट. आगार बंद पडून दहा वर्षे झाली होती. वरच्या बाजूला रस्ते आणि इमारती, खालच्या बाजूला एक अरुंद गल्ली. त्या गल्लीत त्रेचाळीस घरे, त्यातले एक मुकादमांचे. जोराचा पाऊस झाला, की वरच्या रस्त्यांचे सगळे पाणी त्या काँक्रीटवरून घसरगुंडी खेळत खाली येई आणि गल्लीत शिरे. गल्लीतल्या लोकांनी उंबऱ्यांवर विटांच्या दोन-दोन ओळी रचून ठेवल्या होत्या.

बाईंनी ठरवले, की काँक्रीट फोडायचे, पण त्याचा एक तुकडाही बाहेर न्यायचा नाही. त्याच तुकड्यांच्या पायवाटा आणि बसायच्या पायऱ्या करायच्या. हिरवळ लावायची नाही, कारण ती रात्रंदिवस पाणी मागते. आपल्या आपण जगणारे गवत आणि झाडे लावायची. आणि मधोमध जमीन बशीसारखी खोलगट करायची, साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद, मध्यावर छातीइतकी खोल. वरून आलेले पाणी तिथे थांबेल, दोन दिवसांत मातीत मुरेल.

आम्ही चुन्याची फक्की टाकून त्या बशीचा काठ आखत होतो तेव्हा मुकादमांनी विचारले, "बाई, राग नका मानू. पण बागेत खड्डा कशाला?"

बाईंनी मला जमिनीवर ठेवले आणि आपल्या बाहीची शिवण उलटी करून त्यांना दाखवली. "हे बघा, आत दोन बोटं कापड जास्तीचं आहे. आमच्याकडे त्याला माया म्हणतात. रोज लागत नाही, पण अंग भरलं की तेवढ्यावरच निभावतं. पाऊस आला की शहराचं अंग भरतं."

मुकादमांनी बाहीकडे बघितले, मग खाली गल्लीकडे बघितले. "म्हणजे ही माया आमच्यासाठी सोडलीय म्हणा की."

"तुमच्यासाठीच."

त्या बशीसाठी बाई दोन वर्षे भांडल्या. नगरपालिकेच्या साहेबांना तिथे रंगीत दिव्यांचे कारंजे हवे होते. नकाशा नऊ वेळा बदलला, प्रत्येक वेळी बशी थोडी सरकली, पण राहिली. शेवटी साहेबच कंटाळले आणि "करा काय करायचं ते" म्हणाले. बाग झाली. दाराशी दगडी पाटी लागली. तिच्यावर साहेबांचे नाव होते, ठेकेदाराचे होते, उद्‌घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे होते. बाईंचेच नव्हते, तर माझे कुठून असणार!

पण काम चोख झाले होते. त्या पावसाळ्यात बशी काठोकाठ भरली आणि तिसऱ्या दिवशी कोरडी झाली. गल्लीत टाचाही भिजल्या नाहीत. मुकादमांच्या म्हाताऱ्या आईने उंबऱ्यावरच्या विटा काढायला लावल्या आणि त्यांचा तुळशीवृंदावनाएवढा एक छोटा कट्टा दारात करून घेतला, सकाळी उन्हात बसायला. बशीत लव्हाळे उगवले, बेडूक आले, एक खंड्याही येऊन बसू लागला.

आता गंमत बघा. गल्ली कोरडी राहिली, म्हणून गल्ली भिजायची हे लोक विसरले. चार वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. बागेत तण माजलेय. मध्ये नुसता खड्डा आहे. जागा फुकट चाललीय आणि आम्हाला गाड्या लावायला जागा नाही. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांना बशी कशासाठी आहे ते कोणी सांगितले नव्हते. फाटकाकडचा भाग भरून तिथे गाड्या उभ्या करायच्या, असा कागद त्यांनी तयार केला. बाग बाईंनी आखलेली, म्हणून त्यावर त्यांची सही लागत होती.

त्या दिवसांत बाईंचे वडील इस्पितळात होते. बाई सकाळी त्यांना भरवून कामावर येत, संध्याकाळी पुन्हा तिकडे जात. मी पिशवीत असे. माझ्या शेजारी औषधांच्या चिठ्ठ्या आणि एक चमचा. नव्या साहेबांचे आधीचे दोन कागद बाईंनी भांडून परत पाठवले होते. हा तिसरा.

साहेब माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, पंखा वाढवला. म्हणाले, "बाई, तुम्ही प्रत्येक गोष्टीला नाही म्हणता हो. एकदा तरी हो म्हणून बघा."

"किती भरणार आहात?"

"अठरा मीटर. फक्त अठरा. बाकी तुमचं तळं जसंच्या तसं राहील."

बाईंनी पिशवीत हात घातला. त्यांची बोटे माझ्या डबीवर टेकली. मला वाटले, आता त्या मला काढतील, जागेवर जातील, अठरा मीटर भरले तर पाणी कुठे जाईल ते बघतील. त्यांची बोटे थोडा वेळ तशीच राहिली. मग त्यांनी माझ्या शेजारचे पेन काढले.

खाली येताना त्या जिन्यात बसल्या. वर जाणाऱ्या एका बाईने विचारले, "काय हो, चक्कर आली का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, जरा दमलेय." मग उठल्या आणि "चला" म्हणाल्या. पुढचे काही त्या दिवशी म्हणाल्याच नाहीत.

राडारोड्याचे ट्रक येऊ लागले. मुकादमांनी फोन केला, "बाई, एकदा येऊन बघा. हे लोक जास्त भरतायत असं वाटतंय."

"पुढच्या आठवड्यात येते."

पुढच्या आठवड्यात वडील गेले. महिन्याने मुकादमांनी पुन्हा फोन केला, बाई पुन्हा "येते" म्हणाल्या. नाही गेल्या. मी त्या सगळ्या दिवसांत दाराच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला होतो आणि मला कोणी हात लावला नाही. शिंप्याच्या शिवणयंत्रावर चादर घातलेली मला पिशवीच्या फटीतून दिसत असे.

त्या वर्षी एका दुपारी तीन तास पाऊस कोसळला. वरचे पाणी आगाराच्या जागेत आले, अर्धवट भरलेल्या बशीतून उसळले आणि गल्लीत घुसले. मुकादमांची आई एव्हाना पायाने अधू झालेली, खाटेवरच असायची. पाणी खाटेला लागले तेव्हा मुकादम कामावर होते. त्यांच्या बायकोने आणि शेजारणीने घराचे दार बिजागरीतून उचकटले, म्हातारीला त्यावर झोपवले आणि मांडीभर पाण्यातून उचलून नेले. म्हातारी वीस दिवस इस्पितळात होती. वाचली. पण तेव्हापासून आभाळ भरून आले, की ती सुनेला विचारते, "दार काढून ठेवलंस का?"

तिसऱ्या दिवशी बाई गल्लीत आल्या. भिंतींवर चिखलाची रेघ उमटली होती, सगळ्या घरांवर एकाच उंचीची. बाईंनी किती महिन्यांनी मला बाहेर काढले. मुकादमांनी माझे टोक धरले. रेघ चौऱ्याहत्तर सेंटिमीटरवर होती. मग आम्ही वर बशीपाशी गेलो आणि भराव मोजला. अठरा नव्हता, एकतीस मीटर होता. साठातले एकतीस, म्हणजे अर्ध्याहून जास्त.

मी पुरता ताणूनही एक मीटर कमी पडलो, तो बाईंनी खूण करून वेगळा मोजला.

"मुकादम, कागदावर सही माझी आहे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"फाटकावर चिकटवला होता की कागद. तुमचं नाव वाचता येतं मला."

"मग मला बोलला का नाहीत?"

मुकादमांनी हातातले माझे टोक मनगटाभोवती गुंडाळले, पुन्हा सोडले. "दोनदा फोन केला, बाई. तिसऱ्यांदा करावासा वाटला नाही. तुमचे वडील गेलेले, त्यात आणखी काय सांगायचं." थोडे थांबून म्हणाले, "पण चुकलंच. तिसऱ्यांदा करायला पाहिजे होता."

बाई ओंजळीत तोंड धरून रडल्या. मुकादम दुसरीकडे बघत उभे राहिले. मी मध्ये ताणलेला होतो, तो सैल पडलो.

पुढच्या सोमवारी नगरपालिकेच्या कचेरीत सभा भरली. साहेबांच्या लोकांनी आधीच ठरवले होते, की पाऊसच तसा झाला, त्याला कोण काय करणार. बाईंनी टेबलावर दोन आकडे मांडले. सांगितले अठरा, भरले एकतीस. सभेत कुजबुज झाली. बाई तिथेच खाली बसल्या असत्या, तर सगळा दोष ट्रकवाल्यांवर गेला असता. मला वाटते, साहेबांनाही तेच हवे होते.

बाई बसल्या नाहीत. "अठरालासुद्धा मी हो म्हणायला नको होतं. मी काल गणित मांडलं. अठराच भरले असते, तरी गल्लीत गुडघ्याच्या खालपर्यंत पाणी आलं असतं. हे गणित सही करण्याआधी मांडायचं होतं. मी जागेवर न जाता सही केली."

साहेब हळूच म्हणाले, "बाई, हे लिहून घ्यायचं का?"

"घ्या."

लिहून घेतले गेले. भराव काढायचा ठराव झाला. आणि कचेरी ज्यांना कामे देते त्या यादीतून बाईंचे नाव गेले. पुढची चार वर्षे त्यांच्याकडे एकही सार्वजनिक बाग आली नाही. त्या लोकांच्या गच्च्यांवरच्या कुंड्या मांडून देत आणि शाळांच्या अंगणात झाडे कुठे लावावी ते सांगत.

ठराव झाला म्हणून यंत्र लगेच येत नसते. मुकादम थांबले नाहीत. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ते टिकाव आणि घमेले घेऊन एकटेच बशीत उतरले. दहाच्या सुमाराला त्यांची बायको आली, मग ती शेजारीण, मग दुपारपर्यंत गल्लीतली वीस-पंचवीस माणसे. असे सात आठवडे चालले. मग कुठे कचेरीला लाज वाटून यंत्र आले.

बाई दर सुट्टीला येत. त्यांनाही घमेले उचलायचे होते, पण गल्लीतल्या बायकांनी उचलू दिले नाही. "तुम्ही मोजा," म्हणाल्या. ते शब्द प्रेमाचे होते की रागाचे, मला आजतागायत कळलेले नाही. थोडे थोडे दोन्ही असावेत. बाईंनी मान खाली घालून मोजले.

त्याच कामात राडारोड्यातल्या एका लोखंडी सळईत मी अडकलो आणि माझा पहिला मीटर फाटून गेला. बाई म्हणाल्या, "असू दे, एकच्या आकड्यापासून मोजू आणि एक वजा करू." त्या दिवसापासून प्रत्येक मापाला मुकादम पलीकडून ओरडायचे, "बाई, एक वजा केलात ना?" आणि बाई ओरडायच्या, "केला हो, केला!" त्यांच्यातले बोलणे तिथून पुन्हा सुरू झाले.

पुढच्या पावसाळ्यात तसाच दणकून पाऊस आला. बाई छत्री घेऊन काठावर उभ्या होत्या. बशी भरत गेली, भरत गेली, काठाला दोन विती उरल्या आणि पाणी थांबले. गल्लीत नुसता ओलावा. आभार मानायला वगैरे कोणी आले नाही, येणार तरी कशाला? सगळे आपापल्या घरात कोरडे बसले होते.

पाऊस ओसरल्यावर एक गृहस्थ मात्र आले, पांढरे बूट घालून फिरायला निघालेले. पायवाटेवरच्या चिखलाने त्यांचे बूट बरबटले. "कोणी केलीय ही असली बाग? अक्कल आहे का? मधोमध डबकं!" ते बाईंनाच विचारू लागले.

"मी केलीय," बाई म्हणाल्या.

मग ते दहा मिनिटे बोलले. बाईंनी सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. ते गेल्यावर त्या ओल्या पायरीवर बसल्या, आणि मी त्यांना वडील गेल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिले.

आता बाईंच्या एका विद्यार्थिनीने त्यांना नवे यंत्र दिले आहे. ते भिंतीवर लाल ठिपका टाकते आणि आकडा सांगते. त्याला मुकादम लागत नाहीत. तसेही त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत. बाईंची नजरही माझ्या पुसट आकड्यांना पुरत नाही. आम्ही तिघेही थकलो.

म्हणून मित्रांनो, एकच मागणे मागतो. तुमच्या घराजवळच्या बागेत कुठेतरी एखादी सखल, गवताळ जागा असेल. वर्षातले अकरा महिने ती काही करताना दिसणार नाही. ती भरून टाकू या, असे कोणी म्हणाले, तर आधी एखाद्या पावसात तिथे जाऊन उभे राहा आणि पाणी कुठे जाते ते बघा. आणि अशा जागेची राखण करणारे एखादे माणूस असते. ते सगळ्यांना नाही म्हणून म्हणून दमलेले असते. त्याचा चेहरा ओढलेला दिसला, तर तेवढ्यात त्याच्यापुढे कागद सरकवू नका. त्याला घरी जाऊ द्या, झोपू द्या. कागद उद्यापर्यंत थांबतो.